रेस देऊ नका

नाव काय लिहू, दस्तगीरभाईंनी विचारलं
आणि माझं नाव नेहमीसारखं त-लाच अडकलं.
त्र्यंबक. पन्नास वर्षं वापरतोय,
अजून तीनतीनदा सेल्फ मारावा लागतो.
ते कार्डावर पेन टेकवून थांबले.
तानाजी का, तुकाराम का, असं काही
अंदाजाने पुरं केलं नाही.
टोकाखाली शाईचा ठिपका तेवढा
मोठा होत गेला.

तक्रार मी चिठ्ठीवर लिहूनच आणलेली:
सॅन्ट्रो, दोन हजार सहा. सिग्नलला थरथरते.
काटा हजारावर, पाचशेवर, परत हजारावर,
आणि सेव्हन लव्हज चौकात हिरवा लागता लागता बंद.
मागे पीएमटी.
(हॉर्नचं लिहिलं नव्हतं. ते हॉर्न
मला गाडी घ्यायच्या आधीपासून ओळखीचे.)

नाना पेठ, दुपारचे बारा,
समोरच्या दुकानात शॉकॲब्सॉर्बर उसासारखे उभे.
यल्लूने मागची सीट उचलली.
चावी अर्धीच फिरवा, म्हणाला.
दोन सेकंद पंप गुणगुणला आणि गप्प.
"आवाज आहे. आता जोर बघू."

पण आधी रिले काढला, इंजिन चालू ठेवलं,
लाइनीत उरलंसुरलं पिऊन
ते आपणहून विझेपर्यंत.
दाबातल्या नळीचं तोंड, भाई म्हणाले,
एकदम उघडायला जायचं नसतं.
चौथीत उभं करून धडा वाचायला लावणाऱ्या
जोगदेवबाईंना हे कुणी सांगायला हवं होतं.

रिले परत बसला, गेज लागलं.
काटा चढला, तीनवर थांबला.
मग गाडी बंद करून आम्ही तिघं
काट्याकडे बघत बसलो. चहा आला, संपला.
काटा केसभर ढळला नाही.
"पंप चांगला. इंजेक्टर गळत नाही.
माल बरोबर पोचतोय साहेब,
घोळ हवेचा आहे."

कर्वे रोडच्या स्पीचवाल्या बाई
हेच म्हणाल्या होत्या.
तासाला सहाशे घेऊन.

रबरी पाइप सुटला. आत
ग्लुकोज बिस्किटाएवढी एक गोल पाकळी,
कडेला काजळी, तव्याच्या पाठीसारखी चिकट.
मिटलेली असताना जी रेघभर फट राहते,
जिच्यातून बिचारी उभ्या उभ्या श्वास घेते,
तीच बुजलेली.
"थेट फवारू नको रे, फडक्यावर घे."
यल्लू जुन्या टूथब्रशने कड घासत राहिला,
लहान भावाचे दात घासावेत तसा,
जीभ बाहेर काढून.
फडकं काळं, दुसरं फडकं काळं, तिसरं राखाडी.
नवं गास्केट चाळीस रुपये.
बॅटरीची वायर परत जोडली.

चालू केली तर दोन हजारांवर किंचाळली,
धाडकन पाचशेवर आली, बोनेट हलायला लागलं
आणि माझा पाय सवयीने खाली गेला.

"रेस देऊ नका."

त्यांनी खिडकीतून हात घालून
माझ्या गुडघ्यावर ठेवला, ग्रीससकट.
"पायच लावू नका. कुठे टेकायचं
ते विसरलीय ती. तुम्ही दाबलंत
की तिला वाटतं तेच बरोबर.
दहा मिनिटं द्या. शोधू द्या तिचं तिला."

पंधराशे. सातशे. अकराशे.
एकदा तर गेलीच असं वाटलं.
यल्लू बोल्ट मोजत होता, वर बघत नव्हता.
भाई पलीकडच्या ओम्नीखाली शिरले होते.
नऊशे.
आठशे.
आठशे.

पँटवरचा डाग गेलेला नाही.
कार्ड डॅशबोर्डवर आहे, नावाआधी तो निळा ठिपका.
परतताना सेव्हन लव्हजला लाल लागला, चौऱ्याण्णव सेकंद.
काचा वर केल्या
आणि नाव म्हणून पाहिलं.
त-ला अडकलं.
मागून कुणीतरी आत्तापासूनच हॉर्न देत होतं.
मी पाय उचलूनच ठेवला.